९४ लाखांचा रिपोर्ट आणि १ कोटी १६ लाखांचा सौदा : कोथरूडमधल्या एका फ्लॅटच्या मूल्यांकनाचं प्रकरण

पुण्यात जुना फ्लॅट घेताना नेहमी आढळणाऱ्या अडचणी एकत्र करून हे प्रकरण रचलं आहे. दर आणि रकमा हिशेब उलगडून दाखवण्यापुरत्या आहेत, त्यांना कोथरूडचा आजचा भाव समजू नये. नियम, व्याख्या आणि कर्जाच्या मर्यादा मात्र प्रत्यक्षातल्याच आहेत.

फ्लॅट २ बीएचके, तिसऱ्या मजल्यावर. इमारत १९९९ सालची, खाली पार्किंग आणि वर चार मजले, लिफ्ट आहे, भोगवटा पत्र आहे. जाहिरातीत क्षेत्रफळ '१,०८० चौ. फूट', मूळ करारनाम्यात बिल्टअप (बाहेरच्या भिंतींसकट) ८८० चौ. फूट. सौदा १ कोटी १६ लाखांना ठरला आणि खरेदीदार दांपत्याने विसार दिला. त्यांचा हिशेब सरळ होता : ७५ टक्के म्हणजे ८७ लाख बँक देईल, २९ लाख आपले, शिवाय ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून ८ लाख ४२ हजार. घरातून ३७ लाख ४२ हजार काढायची त्यांची तयारी होती.

बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरचा (मूल्यांकन करणाऱ्या तज्ज्ञाचा) रिपोर्ट आला ९४ लाखांचा. कर्ज करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतल्या कमी रकमेवर ठरतं, त्यामुळे ८७ लाखांचा विषय तिथेच संपला. बँक म्हणाली, जास्तीत जास्त ७५ लाख. आता घरातून ४९ लाख ४२ हजार घालावे लागणार होते, म्हणजे ठरवल्यापेक्षा १२ लाख जास्त.

एजंटने लगेच उपाय सुचवला. आपल्या ओळखीच्या 'सरकारमान्य व्हॅल्युअर'कडून १ कोटी १६ लाखांचं सर्टिफिकेट आणून बँकेला द्यायचं. दांपत्याने ते आणलं आणि बँकेने ते बाजूला ठेवलं. याकडे पुढे येऊच. आधी ७५ लाख हा आकडा कुठून आला ते पाहू, कारण पुढच्या सगळ्या घासाघिशीची गुरुकिल्ली तिथे आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला मर्यादा ८० टक्के, ७५ लाखांवरच्या कर्जाला ७५ टक्के. टप्पा कर्जाच्या रकमेवर ठरतो, घराच्या किमतीवर नाही. ९४ लाखांचे ८० टक्के होतात ७५ लाख २० हजार. ही रक्कम ७५ लाखांच्या वर गेली की ७५ टक्क्यांची मर्यादा लागते आणि कर्ज थेट साडेसत्तर लाखांवर येतं. म्हणून ७५ लाखांवर थांबायचं. याचा परिणाम असा की मूल्यांकन ९३ लाख ७५ हजार ते १ कोटी यांच्या दरम्यान कुठेही असलं तरी कर्ज ७५ लाखच मिळतं. रिपोर्ट ९४ वरून ९९ लाखांवर नेण्यासाठी महिनाभर भांडलात तरी कर्जात एक रुपया वाढणार नाही. दांपत्याला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीसुद्धा या हिशेबात घराच्या किमतीत धरत नाहीत. फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना त्यात सूट आहे. तो खर्च पूर्णपणे स्वतःचाच असतो.

रिपोर्टमध्ये काय होतं?

बहुतेक बँका रिपोर्टची प्रत हातात देत नाहीत. पण कर्ज विभागातल्या अधिकाऱ्याला लेखी विनंती केली की क्षेत्रफळ आणि दर यांचं पान दाखवू शकतात. एवढं एक पान पुरेसं असतं. या रिपोर्टमधला हिशेब असा होता : कार्पेट (भिंतींच्या आतलं प्रत्यक्ष वापराचं क्षेत्रफळ) ६८४ चौ. फूट, दर १३,००० रुपये, म्हणजे ८८ लाख ९२ हजार. झाकलेल्या पार्किंगचे ५ लाख. एकूण ९३ लाख ९२ हजार, म्हणून ९४ लाख. गच्चीचे शून्य.

दर ठरवायला व्हॅल्युअरने तीन नोंदणीकृत व्यवहार घेतले होते (ब पुढे येतो).

अ : त्याच गल्लीतली १९९८ ची इमारत, लिफ्ट नाही, पार्किंग नाही. ६५० चौ. फूट, ८४ लाख ५० हजार. दर १३,०००.
क : याच सोसायटीतला, याच नकाशाचा, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. १४ महिन्यांपूर्वी पार्किंगसह ९५ लाख ७६ हजार. इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या सारांशात, ७३० चौ. फूट. दर १३,११८.
ड : शेजारच्या रस्त्यावरचा फ्लॅट, दर १२,७००.

सरासरी १२,९३९ आली, ती १३,००० धरली. वरवर पाहता काहीच खटकत नाही. आता क कडे नीट पाहा. नकाशा तोच असेल तर एकाचं क्षेत्रफळ ७३० आणि दुसऱ्याचं ६८४ कसं? फरक आहे ४६ चौ. फुटांचा, आणि ती बाल्कनी आहे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा (फ्लॅट मालकी) कायद्याखालच्या जुन्या करारांत कार्पेट बाल्कनीसकट धरायचं आणि बाल्कनी वेगळी दाखवायची अशी पद्धत होती. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याची व्याख्या वेगळी आहे : आतल्या भिंतींची जाडी धरायची, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र वापराची बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळायची. व्हॅल्युअरने आपला फ्लॅट रेराच्या व्याख्येने मोजला आणि दर मात्र जुन्या व्याख्येच्या ७३० ने भागून काढला. एका मापाने काढलेला दर दुसऱ्या मापाला लावला गेला. मंजूर नकाशावरची, रीतसर असलेली बाल्कनी त्यामुळे हिशेबातून पूर्णच निसटली. १३,००० च्या दराने ती जवळजवळ ६ लाखांची होते. जुन्या फ्लॅटच्या रिपोर्टमध्ये आम्हाला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि ती लबाडीतून नाही तर दोन कायद्यांच्या सांध्यावर होते.

दुसरी चूक खरेदीदाराच्या फायद्याची होती आणि तीही लपवण्यात अर्थ नव्हता. क च्या किमतीत पार्किंग आधीच होतं. तो दर घेऊन वर पुन्हा ५ लाख जोडले की पार्किंग दोनदा मोजलं जातं.

तिसरी बाब ड ची. इंडेक्स टूमध्ये लिहून देणार आणि लिहून घेणार यांचं आडनाव एकच होतं आणि किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या, मूल्याइतकीच. घरातल्या घरात झालेला व्यवहार असण्याची दाट शक्यता. बाजारमूल्य म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले, घाई वा दडपण नसलेले, माहितगार खरेदीदार आणि विक्रेता ज्या किमतीला तयार होतील ती. ड त्या कसोटीला उतरत नव्हता.

शिवाय क ला १४ महिने उलटूनही काळाची दुरुस्ती नव्हती आणि अ ला लिफ्ट नसल्याचीही नव्हती.

गच्चीचा प्रश्न

हॉलला लागून ११२ चौ. फुटांची गच्ची होती. करारनाम्यात ती 'उघडी गच्ची, स्वतंत्र वापरासाठी' अशी आहे. विक्रेत्याने तिला तिन्ही बाजूंनी ग्रिल आणि सरकत्या खिडक्या लावून वर पॉलीकार्बोनेटचे पत्रे टाकले होते, खाली टाइल्स बसवल्या होत्या. पावसाचं पाणी जायची जाळी त्या टाइल्सखाली गेली होती आणि खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली होती. एजंटच्या भाषेत ही 'तिसरी खोली' होती.

१ कोटी १६ लाखांतून पार्किंगचे ५ लाख वजा करा आणि उरलेल्या रकमेला ६८४ अधिक ४६ अधिक ११२, म्हणजे ८४२ ने भागा. दर येतो १३,१८३. म्हणजे विक्रेत्याने मागितलेला दर अवाजवी नव्हता. फक्त तो पत्र्याखालच्या गच्चीलाही पक्क्या खोलीएवढा लावला होता. सौद्यातली फुगवट नेमकी इथे होती.

पहिल्या व्हॅल्युअरने ते बांधकाम धरलं नाही, हे बरोबरच. मंजूर नकाशात नसलेलं बांधकाम उद्या महापालिकेची नोटीस आली तर पाडावं लागेल, त्यावर बँक पैसे देऊ शकत नाही. पण त्या भरात त्याने गच्चीच शून्यावर नेली. पत्रे बेकायदा, गच्ची मात्र कायदेशीर आणि मालकाच्या स्वतंत्र वापराची. ती उघडी आहे असं समजून दराचा काही हिस्सा धरायला हवा आणि पूर्ववत करण्याचा खर्च त्यातून वजा करायला हवा.

एजंटने आणलेलं सर्टिफिकेट

लेटरहेडवर शिक्का, पदव्या आणि एका व्यावसायिक संस्थेचं सदस्यत्व. मजकूर पाऊण पान. पाहणी कोणत्या दिवशी केली ते नाही, मोजमाप नाही, तुलनेचा एकही व्यवहार नाही. क्षेत्रफळ १,०८० सुपर बिल्टअप (जिना, लॉबी यांचा वाटा धरून), आणि फी किमतीच्या टक्केवारीत.

नोंदणी क्रमांक तपासला तेव्हा खरी गोष्ट कळली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ आणि २०१७ च्या नियमांखाली नोंदणीकृत व्हॅल्युअरची यादी भारतीय दिवाळखोरी व नादारी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. मालमत्तेचे तीन वर्ग आहेत : जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे व आर्थिक मालमत्ता. या गृहस्थांची नोंदणी यंत्रसामग्रीची होती. नोंदणी खरी होती, पण फ्लॅटच्या कामाला ती लागू नव्हती.

जमीन व इमारत या वर्गासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगररचना यांतली पदवी आणि त्यानंतर ५ वर्षांचा अनुभव लागतो. मूल्यांकनाचा दोन वर्षांचा पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम केला असेल तर ३ वर्षं. मग नोंदणीकृत व्हॅल्युअर संघटनेचं सदस्यत्व, ५० तासांचा अभ्यासक्रम आणि किमान ६० टक्के गुण लागणारी परीक्षा. एखाद्या जुन्या संस्थेचं फेलो असणं चांगलंच, पण ती नोंदणी नव्हे. या नियमांतल्या आचारसंहितेत यशावर अवलंबून असलेली फी घ्यायला मनाई आहे, आणि नियमांप्रमाणे प्रत्येक कामाच्या नोंदी किमान ३ वर्षं जपून ठेवायच्या आहेत. ज्याची फी आकडा वाढल्यावर वाढते, त्याच्या आकड्यावर बँकेने विश्वास ठेवण्याचं कारणच नाही.

दुसरी नोंदणी जुनी आहे : संपत्ती कर कायदा १९५७ चं कलम ३४ एबी. संपत्ती कर गेला, ही नोंदणी राहिली. वडिलोपार्जित किंवा २००१ पूर्वीचं घर विकताना १ एप्रिल २००१ चं मूल्य काढायला लोक या व्हॅल्युअरकडे जातात. जमीन-इमारतीचं ते मूल्य त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या वर धरता येत नाही, हे तिथे लक्षात ठेवावं. कर्ज थकल्यावर सरफेसी (तारण वसुलीच्या) कायद्याखाली बँक तारण विकते तेव्हाही नियमांना अपेक्षित असलेला 'मान्यताप्राप्त मूल्यांकक' म्हणजे ३४ एबीखाली नोंदलेला आणि बँकेच्या संचालक मंडळाने मान्य केलेला.

गृहकर्जाला यांपैकी कोणती नोंदणी हवी ते बँकेचं धोरण ठरवतं, कारण कलम २४७ ची सक्ती मुळात कंपनी कायद्याखालच्या मूल्यांकनांसाठी आहे. रिझर्व्ह बँकेचं म्हणणं असं की बँकेकडे संचालक मंडळाने मंजूर केलेलं मूल्यांकन धोरण आणि पात्र व्हॅल्युअरचं पॅनेल असावं आणि व्हॅल्युअरचा त्या मालमत्तेत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध नसावा. म्हणून खरेदीदाराने आणलेला रिपोर्ट कितीही उत्तम असला तरी बँक त्यावर कर्ज देत नाही. त्यातले पुरावे मात्र ती विचारात घेऊ शकते.

फेरविचाराचा अर्ज

व्हॅल्युअरला फोन करायचा नाही. त्याचा ग्राहक बँक आहे, आणि खरेदीदाराचा फोन हा दबाव ठरतो. दांपत्याने कर्ज अधिकाऱ्याला दोन पानांचं पत्र दिलं. 'मूल्यांकन फार कमी आहे' असं एक वाक्यही त्यात नव्हतं. होतं ते एवढं : मंजूर नकाशाची प्रत, त्यावर बाल्कनीला लाल चौकट; क चं इंडेक्स टू आणि ७३० व ६८४ मधल्या फरकाचा खुलासा; ड च्या पक्षकारांबद्दलची शंका; त्याऐवजी ब हा नवा व्यवहार; आणि करारनाम्यातला गच्चीचा परिच्छेद. पार्किंग दोनदा मोजलं गेल्याचंही त्यांनी स्वतःहून लिहिलं. त्या एका ओळीमुळे बाकीच्या चार मुद्द्यांना वजन आलं असं आमचं मत आहे.

ब हा व्यवहार नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सापडला : २००१ ची इमारत, लिफ्ट, तिसरा मजला, पार्किंगसह १ कोटी ४ लाख ४० हजार, तीन महिन्यांपूर्वीचा. दस्तात कार्पेट ७०० आणि बाल्कनी ५०. ई-सर्च करताना वर्ष, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (शहर भूमापन) नंबर लागतो. सोसायटीच्या नावावर शोध फसतो, म्हणून नंबर आधी मिळकतकराच्या बिलावरून किंवा प्रॉपर्टी कार्डवरून काढावा.

बँकेने पॅनेलवरचा दुसरा व्हॅल्युअर पाठवला. त्याने सगळं एका मापावर आणलं : क्षेत्रफळ बाल्कनीसकट, किमतीतून पार्किंग वजा, आणि काळासाठी वर्षाला ६ टक्के.

अ : १३,०००. लिफ्ट नाही म्हणून अधिक ५, पाच महिन्यांचे अधिक २.५ टक्के. १३,९७५.
ब : ९९ लाख ४० हजार भागिले ७५०, म्हणजे १३,२५३. इमारत दोन वर्षांनी नवी म्हणून उणे २, काळाचे अधिक १.५ टक्के. १३,१८७.
क : ९० लाख ७६ हजार भागिले ७३०, म्हणजे १२,४३३. चौदा महिन्यांचे अधिक ७ टक्के. १३,३०३.

तिन्हींची साधी सरासरी त्याने घेतली नाही. क तोच नकाशा, तीच सोसायटी, म्हणून त्याला निम्मं वजन. ब ला ३० टक्के, आणि सगळ्यात जास्त दुरुस्ती लागलेल्या अ ला २०. उत्तर १३,४०३, म्हणून दर १३,४००. जो व्यवहार आपल्या फ्लॅटशी जास्त जुळतो त्याच्यावर भर जास्त, हे सूत्र रिपोर्ट वाचताना नक्की शोधावं.

७३० गुणिले १३,४०० : ९७ लाख ८२ हजार. पार्किंग ५ लाख. गच्ची ११२ चौ. फूट, दराच्या ३० टक्क्यांनी साडेचार लाख, त्यातून पत्रे काढणं, जाळी मोकळी करणं आणि वॉटरप्रूफिंग यांचे ५० हजार वजा, म्हणजे ४ लाख. एकूण १ कोटी ६ लाख ८२ हजार.

पाहणीत त्याने लेझर मीटरने प्रत्येक खोली गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत मोजली, वीज मीटरचा नंबर बिलाशी ताडला आणि पार्किंगमधल्या खांबांच्या तळाशी गिलावा फुगला आहे का ते ठोकून पाहिलं. आरसीसी इमारतीचं आयुष्य साधारण ६० वर्षं धरतात. ही २६ वर्षांची, उरली ३४. कर्ज २० वर्षांचं असल्याने अडचण नव्हती. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं, ते झालेलं नव्हतं आणि तशी नोंद रिपोर्टमध्ये आली. जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) अजून सोसायटीच्या नावावर नाही, पुनर्विकासाचा ठराव नाही. म्हणून 'रिडेव्हलपमेंटला जाणार आहे' या विक्रेत्याच्या सांगण्याला किमतीत जागा मिळाली नाही.

भाड्यावरून पडताळा घेतला तो नावापुरता. महिना २८ हजार म्हणजे वर्षाला ३ लाख ३६ हजार, किमतीच्या ३ टक्क्यांच्या आसपास. शहरातल्या फ्लॅटची किंमत भाड्यावर ठरत नाही. रेडी रेकनरचं मूल्य ८२ लाख आलं होतं आणि शाखेतल्या एकाने 'रेकनरपेक्षा ९४ जास्तच आहेत की' असं म्हणून पहिल्या रिपोर्टचं समर्थन केलं होतं. रेकनर मुद्रांक शुल्काचा किमान पाया आहे. त्यावर ना बाल्कनीचा वाद मिटतो ना गच्चीचा.

पुढे

१ कोटी ६ लाख ८२ हजारांचे ७५ टक्के म्हणजे ८० लाख ११ हजार. मूल्यांकन जवळपास १३ लाखांनी वाढलं आणि कर्ज फक्त ५ लाखांनी, कारण ७५ लाखांची वेस ओलांडताना टक्केवारी खाली आली. खरा फायदा विक्रेत्याशी बोलताना झाला. ८४२ चा भागाकार आणि गच्चीचा हिशेब समोर ठेवल्यावर तो १ कोटी ८ लाखांवर आला. आता घरातून किमतीपोटी २७ लाख ८९ हजार, मुद्रांक शुल्क ७ लाख ५६ हजार, नोंदणी ३० हजार, असे सुमारे ३५ लाख ७५ हजार. सुरुवातीच्या ३७ लाख ४२ हजारांपेक्षाही कमी.

करारनाम्यात तीन गोष्टी घातल्या. गच्चीचं वर्णन 'उघडी गच्ची' असंच, खोली असा उल्लेख कुठेही नाही. खरेदीखतापूर्वी विक्रेत्याने स्वखर्चाने पत्रे आणि ग्रिल काढून जाळी मोकळी करायची. तो खर्च त्याने केला, किंमत मात्र तीच ठेवली. आणि बँकेने कर्जाचा चेक गच्चीचे नवे फोटो पाहूनच द्यायचा.

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर आणखी तीन आकडे होते, ज्यांनी दांपत्याची एक रात्र झोप उडवली : ९० टक्क्यांनी ९६ लाख वसूल होण्याजोगं मूल्य, ८० टक्क्यांनी ८५ लाख ४६ हजार सक्तीच्या विक्रीचं मूल्य, आणि विम्यासाठी २४ लाख ६४ हजार. पहिले दोन बँकेने आपल्या जोखमीसाठी मागितलेले असतात, त्यांचा सौद्याशी संबंध नाही. तिसरा मात्र खरेदीदाराच्या कामाचा आहे. तो ८८० चौ. फूट बिल्टअप गुणिले २,८०० रुपये, म्हणजे फ्लॅट पुन्हा बांधायचा खर्च. आगीत किंवा भूकंपात जमीन जळत नाही. बँकेच्या काउंटरवर ८० लाखांच्या कर्जाएवढा इमारतीचा विमा पुढे केला गेला तेव्हा दांपत्याने हे पान दाखवून तो २५ लाखांचा करून घेतला. घरातल्या सामानाचा विमा वेगळा काढला.